वजन तेवढंच आहे, मॅडम

पहाटे ५.३०

कॅलिपरला मुली ‘चिमटा’ म्हणतात. आजचा दिवस चिमट्याचा. मोसमाआधी एकदा, मध्यावर एकदा आणि संपल्यावर एकदा असा तो येतो, त्यातला हा मधला. दिवाळीनंतर गावोगावच्या कबड्डी स्पर्धा सुरू झाल्या, आता फेब्रुवारी चालू आहे आणि प्रकाशझोतातले सामने उन्हाळ्यापर्यंत संपायचे नाहीत. मुली पुण्याबाहेरच्या एका वसतिगृहात राहतात. मी त्यांची आहारतज्ज्ञ. त्यांच्या भाषेत ‘खायला लावणाऱ्या मॅडम’.

वेळ पहाटेचीच लागते. पोटात काही नको, बाथरूमला जाऊन आलेलं हवं, अंगावर घाम नको. सरावानंतर मोजायला गेलं की बोटं घसरतात, कातडी तापलेली असते आणि आकडा भलताच येतो. जागा आठ: दंडाची पुढची बाजू, मागची बाजू, खांद्याच्या पात्याखाली, कमरेच्या हाडावर, तिथून थोडं पुढे, बेंबीच्या शेजारी, मांडीवर समोरून आणि पोटरीवर आतून. सगळ्या उजव्या अंगाच्या. पेनाने खूण करायची, घडी उचलायची, चिमटा लावून दोन सेकंद थांबायचं आणि मिलिमीटर वाचायचे. प्रत्येक जागा दोनदा. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. मोजणारा हात दर वेळी तोच असावा लागतो, नाहीतर मुलीतला फरक कुठला आणि हातातला कुठला हे कळायला मार्ग राहत नाही.

दार आतून बंद, पडदा ओढलेला, एका वेळी एकच मुलगी. आकडा मी मोठ्याने उच्चारत नाही आणि नोंद स्वतःच लिहिते. वेळ दुप्पट जातो. पण ‘अमकीच्या पोटावर इतके आले’ हे वाक्य नाश्त्याच्या टेबलापर्यंत पोचलं, तर पुढची चार जेवणं ती मुलगी ताटात काय काय कमी घेईल हे मला ठाऊक आहे.

चिमट्याआधी वजनकाटा. काट्यावरून उतरताना जवळजवळ प्रत्येकीचं वाक्य एकच: ‘वजन तेवढंच आहे, मॅडम.’ वर सुटकेचा सुस्कारा. ऑक्टोबरात होतं तेवढंच वजन फेब्रुवारीत आहे म्हणजे मोसम नीट सांभाळला, असा त्यांचा हिशेब आणि त्यांच्या सरांचाही. पुढच्या दहा मिनिटांत तो चुकतो. मांडीवरची घडी जाडावलेली असते आणि टेपने घेतलेला मांडीचा घेर मात्र कमी भरतो. वर चरबी वाढली तरी घेर घटला, म्हणजे आतला स्नायू गेला. काट्याला किलो कळतो, कशाचा किलो ते कळत नाही.

सगळ्यांचं असंच नसतं. डावा कोपरा सांभाळणारीच्या मांड्या ऑक्टोबरात होत्या तशाच भक्कम आहेत. ती दर सुट्टीला घरी जाते, घरी म्हशी आहेत, आणि संघ विश्रांती घेत असतो तेव्हा ही चाऱ्याचे भारे उचलत असते. दोघींचं मात्र उलटं झालंय: घड्या सगळीकडे पातळ, घेर कमी, वजन कमी, गालफडं वर आलेली. याच दोघींना मैदानावर ‘काय फिट दिसतेस!’ अशी शाबासकी मिळते. माझ्या यादीत सगळ्यात वर त्याच.

६.४५

मोजून झालं की प्रत्येकीने एक कागद भरायचा. चार प्रश्न: शेवटची पाळी कधी आली, रात्री किती वाजता झोपलीस, काल पोटभर कधी जेवलीस, कुठे दुखतंय का. दुखण्याच्या रकान्यात ‘नडगी’ दिसली की तो कागद मी बाजूला काढते. नडगीच्या हाडाला बारीक तडा जाण्याची सुरुवात बहुतेकदा अशाच एका शब्दाने होते.

एकीने पाळीपुढे ‘नोव्हेंबर’ लिहिलंय. विचारलं तर हसली. ‘बरंच झालं ना, मॅडम. मॅचच्या वेळी कटकट नाही.’

तिला बरं का वाटतं ते समजतं. गावच्या मैदानावर मुलींना कपडे बदलायला शाळेचा एक वर्ग मिळाला तरी नशीब, तिथे पाण्याचा नळ असेलच असं नाही. पण सलग तीन महिने पाळी न येणं ही डॉक्टरांकडे न्यायची गोष्ट आहे. गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओएस ही कारणं आधी तपासावी लागतात आणि ते काम स्त्रीरोगतज्ज्ञांचं. आजच वेळ घेतली. त्यातलं काहीच निघालं नाही, तर उरणारं कारण साधं असतं: जेवढं खर्च होतंय तेवढं पोटात जात नाही, म्हणून ज्यावाचून आज भागेल ते काम शरीराने थांबवलंय. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन घसरलेलं असतं, आणि इस्ट्रोजेन घसरलं की हाडं भरायची थांबतात. विशीतल्या मुलीच्या हाडांचे हे भरायचे दिवस. आज राहून गेलेलं पुढे चाळिशीत भरून निघत नाही.

दुसरीच्या कागदावर तारीख अगदी वेळेवरची आहे, पण तिने पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती. सत्यनारायण असला, लग्नकार्य असलं की घरातल्या काकू-मावश्या घेत आल्या तीच. ती थांबवल्यावर येणारा रक्तस्राव गोळी थांबल्यामुळे येतो. त्यावरून तिचं चक्र सुरळीत आहे असं म्हणता येत नाही, त्यामुळे तिच्या तारखेला मी कंस घालते.

७.३०

नाश्ता. पोहे, उकडलेली अंडी, दूध, केळी. आणि चहा.

चहावरून माझं आणि या मुलींचं जमत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. खेळाडू मुली या आकड्याबाहेरच्या नाहीत. त्यांना पाळीतून जाणाऱ्या लोहाशिवाय घामाचा आणि सरावाचा खर्च वेगळा. दमणूक करणाऱ्या व्यायामानंतर तीन ते सहा तास हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. म्हणजे लोह पोटात जायचं ते सकाळी सरावाआधी किंवा सराव संपल्या संपल्या. नेमक्या त्याच वेळी या मुली चहा पितात, आणि भाज्या-डाळींतल्या लोहाची वाट चहा अडवतो. चहा बंद करा असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात राहून तसं म्हणणारीचं कोण ऐकेल? तासाभराने प्या म्हणते. पोह्यांवर लिंबू पिळा म्हणते. लिंबू पिळतात.

९.३०

आता खुर्ची आणि लॅपटॉप.

मोसमात शरीराचं काय होतं ते कागदावर मांडून बघितलं की कळतं. समजा मुलगी ६० किलोची आहे आणि तिच्यात २४ टक्के चरबी आहे. म्हणजे १४.४ किलो चरबी. स्नायू, हाडं, पाणी, अवयव मिळून ४५.६ किलो. मोसमात तिचे दोन किलो स्नायू गेले आणि दोन किलो चरबी आली, तर काटा ६०च दाखवेल. चरबी मात्र २७ टक्क्यांच्या पुढे गेली, आणि मैदानावर ती दोन किलो ओझं घेऊन, दोन किलो ताकद घरी ठेवून उतरते. प्रत्यक्षात बदल इतका मोठा क्वचितच असतो. अमेरिकेत कॉलेजसाठी खेळणाऱ्या मुलींची मोसमाआधी आणि नंतर मोजमापं घेणारे अभ्यास झाले आहेत. त्यांत एका मोसमातले सरासरी फरक लहानच निघतात आणि खेळागणिक वेगवेगळे. पण सरासरी लहान असते कारण तिच्यात कमावणाऱ्या आणि गमावणाऱ्या दोघीही मिसळलेल्या असतात. मला सरासरीशी कर्तव्य नाही. मला नडगी लिहिणारीशी आहे.

स्नायू जातात ते आळसाने नव्हे. मोसमाआधीच्या तीन महिन्यांत मुली आठवड्याला तीन-चार वेळा वजनं उचलतात, दोन वेळा ताज्या ताटावर जेवतात, दहाला झोपतात. त्या काळात मांड्या भरतात, घड्या पातळ होतात. मग सामने सुरू होतात आणि सगळ्यात आधी सुटते ती जिम, कारण ‘उद्या मॅच आहे’. जेवणाची वेळ त्यानंतर जाते आणि झोप तिच्या मागोमाग. सामना खेळला म्हणजे व्यायाम झाला असं सगळ्यांना वाटतं. महिलांचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटं, एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. दम लागतो, अंग ठेचकाळतं, पण मांडीला ताकद कमावून देणारा भार त्यात पुरेसा नसतो. आठवड्यातून एक-दोनदा थोडी पण जड वजनं उचलली तर कमावलेलं बऱ्यापैकी टिकतं. एवढंच पाहिजे असतं, आणि मोसमात नेमकं तेवढंच मिळत नाही.

चरबीबद्दलचा जुना समज अजून मैदानांवर फिरतो: अमुक टक्क्यांखाली गेली की पाळी जाते. हा समज आला कुठून, तर रोझ फ्रिश आणि जेनेट मॅकआर्थर यांनी १९७४ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडणी केली होती की पाळी सुरू व्हायला अंगात साधारण १७ टक्के आणि नियमित राहायला २२ टक्के चरबी लागते. मांडणी सोपी होती, म्हणून पसरली. पण अठरा टक्क्यांवर नियमित पाळी येणाऱ्या धावपटू निघाल्या आणि पंचवीस टक्क्यांवर पाळी गेलेल्याही. पुढे ओहायो विद्यापीठातल्या अ‍ॅन लाउक्स यांनी निरोगी, नियमित पाळी येणाऱ्या तरुणींना पाच-पाच दिवस मोजून खायला घालून आणि मोजून व्यायाम करायला लावून बघितलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित शरीराच्या प्रत्येक किलोमागे ३० कॅलरींहून कमी उरू लागल्या की मेंदूकडून बीजकोषांकडे जाणाऱ्या संप्रेरकाच्या लयीत पाच दिवसांतच बिघाड होतो. पाच दिवसांत चरबी ती किती घटणार? म्हणजे शरीर साठा मोजत बसत नाही, रोज आत किती येतंय ते बघतं.

मघाच्याच मुलीचं गणित करू. चरबीविरहित किलोमागे ४५ कॅलरी पुरेशा धरल्या, तर ४५.६ गुणिले ४५, म्हणजे साधारण २०५० कॅलरी व्यायाम सोडून उरायला हव्यात. सराव आणि सामना यांत ६०० गेल्या असतील, तर तिने २६५० खायला पाहिजेत. धोक्याची रेषा १३७०च्या आसपास. ६०० मिळवले तरी १९७०. ही ३०ची रेषा प्रत्येकीत तंतोतंत त्याच जागी नसते हे आता मान्य झालंय, पण दिशा कळायला ती पुरते. सामन्याच्या दिवशी या मुली किती खातात हे मी त्यांच्याच मोबाइलमधल्या ताटांच्या फोटोंवरून मांडते. धोक्याच्या रेषेखालचे दिवस बहुतेक सामन्याचेच निघतात. ज्या दिवशी खर्च सगळ्यात जास्त, त्याच दिवशी ताट सगळ्यात रिकामं.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या दुखण्याला एक नाव दिलं, त्याचं आद्याक्षरी रूप ‘रेड-एस’. त्याआधी पाळी, हाडं आणि खाणं एवढ्या तिघांचाच विचार व्हायचा. आता त्यात प्रतिकारशक्ती, मनःस्थिती, हृदय, दुखापत भरून येण्याचा वेग हेही आलं आणि पुरुष खेळाडूही आले. नाव काहीही असो. माझ्या वहीत त्याला ‘उपाशी’ म्हणतात.

हातात धरून टक्केवारी सांगणारं एक बॅटरीवरचं यंत्र कार्यालयात आहे. अंगातून अगदी बारीक वीज सोडून पाण्यावरून अंदाज बांधणारं. पाळीआधी पाण्याने वजन अर्धा ते एक किलो चढतं, सामन्यानंतर घामाने उतरतं आणि यंत्र दर वेळी वेगळं सांगतं. मुलींना ते फार आवडतं, कारण दुखत नाही. मी त्याच्यातले सेल काढून ठेवले आहेत.

११.४५

सातारा जिल्ह्यातून एका मुलीच्या आईचा फोन. बाई शेतातून बोलतायत, मागे पंपाचा आवाज.

‘मॅडम, पोरगी सुट्टीत आल्ती. दंड कसे पुरुषावाणी झाल्यात तिचे. चार माणसं बोलत्यात. पुढल्या वर्षी बघायचं चाललंय तिचं. जरा बारीक व्हईल असं काय द्या की.’

ही आई वाईट नाही. मुलीच्या स्पर्धेसाठी हिने गळ्यातलं मोडलेलं मला माहीत आहे. पण ‘बारीक’ हा शब्द त्या मुलीच्या कानावर घरी पडतो, गावात पडतो, फोनवर पडतो, आणि मग इथे आल्यावर भाकरी एकच घेतली जाते. मोसम संपला की मुली दीड-दोन महिने घरी असतात. व्यायाम थांबलेला, त्यात हे. तेवढ्यात दंड बारीक होतातच, आणि आई समाधान पावते.

‘मावशी,’ मी म्हटलं, ‘त्या दंडावर तिला पोलिसात नोकरी लागणार आहे.’ पलीकडे थोडा वेळ नुसताच पंप. मग, ‘आसं व्हय? मग ऱ्हाऊ द्या.’ पूर्ण खरं बोलले असं नाही, पण खोटंही नव्हतं.

१.००

मेस. आज संकष्टी, आणि आमच्या मुख्य चढाईपटूचा उपास. रात्री सामना.

उपास सोड असं मी सांगत नाही, सांगून ती सोडणारही नाही. तिच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी आहे. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, प्रथिनं नावापुरती. मग उपासाच्याच नियमांत राहून आम्ही सौदा करतो. खिचडीत दाण्याचा कूट दुप्पट, वर वाटीभर दही, चार वाजता राजगिऱ्याचे लाडू आणि दूध, सामन्याआधी दोन केळी, पाण्यात मीठ-साखर-लिंबू. उपासाला मीठ चालतं की नाही यावर मेसच्या काकूंनी तिच्या बाजूने कौल दिला.

बाकीच्यांचं ताट: भाकरी, मटकीची उसळ, भात, वरण, ताक. ६० किलोच्या खेळाडू मुलीला किलोमागे १.६ ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला ९६ ग्रॅम प्रथिनं हवीत. ती पावडरीच्या डब्याशिवाय बसवता येतात: चार अंडी, अर्धा लिटर दूध, दोन मुठी शेंगदाणे, कडधान्य किंवा डाळीची भरगच्च वाटी, पाच भाकऱ्या-पोळ्या आणि पनीर किंवा चिकन. बसतात, पण पाचही वेळा खाल्लं तर. एक वेळ चुकली की वीस ग्रॅम गेले.

२.१५

सरांची खोली. सरांना यादी हवी आहे: कोणाचं किती, टक्क्यांसकट, भिंतीवर लावायला. ‘जरा लाज वाटली की आपोआप पळतात.’

सर स्वतः राज्यासाठी खेळलेले. मातीत. त्यांच्या काळी वजन वाढलं की मैदानाला फेऱ्या. मी त्यांना टक्के दिले नाहीत, नावांपुढे तीन रंग दिले: हिरवा म्हणजे आहे ते चालू द्या, पिवळा म्हणजे वजनं उचलायला लावा, लाल म्हणजे सराव अर्ध्यावर आणा आणि जेवण वाढवा. लालमध्ये सरांच्या सगळ्यात लाडक्या, ‘फिट’ दोघी दिसल्यावर सरांनी चष्मा काढला.

‘या? या तर सगळ्यात हलक्या आहेत!’

‘म्हणूनच.’

पण आजचा अवघड प्रश्न दुसराच. कबड्डीत महिलांच्या खुल्या गटाला ७५ किलोची मर्यादा, कुमारी गटाला ६५ आणि किशोरी गटाला ५५. खुल्या गटात आमच्या कुणाला अडचण नाही. आमच्या एका एकोणीस वर्षांच्या मध्यरक्षक मुलीचं वजन मात्र आज साडेसहासष्ट भरलं, आणि कुमारी गटाची निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली. वयाने तिची ही शेवटची संधी. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, आणि त्या दाराशी पोचायला कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात आहे याला किंमत असते. त्यामुळे ‘वजनाला काय एवढं’ असं मी म्हणू शकत नाही.

सरांचा उपाय तयार होता: रेनकोट घालून पळवायचं, आदल्या दिवशी पाणी बंद, थुंकायला लावायचं. ‘एका रात्रीत दोन किलो जातं, मी केलंय.’ जातं. पाणी जातं. स्नायूंमधल्या साखरेच्या साठ्यासोबत प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं, ते जातं, आणि दुसऱ्या दिवशी चाचणीत तिच्या मांडीत जोर नसतो. विनेश फोगाटची गोष्ट मी काढायच्या आत त्यांनीच काढली. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२४ला एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेलेली मुलगी दुसऱ्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमनी बाद झाली. सर त्यातून ‘रात्रभर अजून पळवायला हवं होतं’ असा धडा काढतात. मला दिसतं ते असं की जगातली सगळ्यात अनुभवी माणसं हाताशी असताना, रात्रभर घाम गाळून आणि केस कापूनही ते १०० ग्रॅम गेले नाहीत. पाणी एका हद्दीपलीकडे शरीर सोडत नाही.

एक गोष्ट मात्र मी टेबलावर बोट आपटून सांगितली. मेडिकलमधून ‘पाण्याची गोळी’ आणायची नाही. लघवी वाढवणारी औषधं उत्तेजक द्रव्यांच्या यादीत बाराही महिने बंदीत आहेत. शेन वॉर्न २००३चा विश्वचषक अशाच एका गोळीपायी न खेळता घरी गेला आणि वर्षभर बाहेर बसला. वॉर्नचं नाव ऐकून सर गंभीर झाले. कबड्डीवाल्यांनाही क्रिकेटचंच उदाहरण पटतं, याचं मला थोडं वाईट वाटतं.

ठरलं ते असं: पंधरा दिवसांत रोजच्या खाण्यातून तीन-साडेतीनशे कॅलरी कमी, त्याही फक्त भात-साखर-तेलातून, प्रथिनं जशीच्या तशी, वजनं उचलणं चालू. त्यातून किलोभर उतरेल, कमीही उतरेल. शेवटचे दोन दिवस कोंडा, सालं, कडधान्यं बंद, म्हणजे आतड्यातला भार हलका. पाणी चालू. एवढ्यात बसली तर बसली. नाही बसली तर ती खुल्या गटात खेळेल, आणि ते मी तिला आजच सांगणार, चाचणीच्या दिवशी सकाळी नाही.

४.३०

टेम्पो ट्रॅव्हलर. शिरवळच्या पुढे सामना. डब्यात दही-भात, उकडलेले बटाटे, गुळाची पोळी. अर्ध्या मुली खाऊन झोपल्या, अर्ध्या रील बघतायत. घाटात सगळ्यांची रेंज गेली, तेव्हा त्याही झोपल्या.

७.००

पत्रिकेत आमचा सामना सातला होता. सातला उद्घाटन सुरू झालं.

प्रमुख पाहुणे आले. त्यांना फेटा, नारळ, शाल. मग माजी पाहुणे, देणगीदार, मंडळाचे आधारस्तंभ, त्यांचे सुपुत्र. प्रत्येकाला फेटा. निवेदकाचा आवाज भारी होता आणि गावात फेट्यांची कमतरता नव्हती. मग पुरुषांचा एक सामना, कारण पाहुण्यांना तो बघून जायचं होतं. आम्ही शाळेच्या वर्गात बाकांवर.

मोसमात मुलींच्या अंगावर काय परिणाम होतो, हे विचारणाऱ्यांना मी प्रयोगशाळेऐवजी या वर्गात आणून बसवीन. दुपारी एकला जेवलेली मुलगी साडेनऊला खेळणार आणि अकराच्या पुढे जेवणार. दोन पोटभर जेवणांमध्ये दहा तास. मध्ये कधीही ‘संघाने मैदानावर यावे’ अशी हाक येईल म्हणून जड काही खायचं नाही, आणि पोटात कालवाकालव म्हणून हलकंही खाल्लं जात नाही. असे दिवस आठवड्यात तीन, असे आठवडे मोसमभर. पुरुषांच्या संघाचंही तेच होतं, पण पहिला सामना बहुतेक वेळा त्यांचा असतो. महिलांचे सामने मागे सरकतात, कार्यक्रमपत्रिका काहीही म्हणो.

पिशवीतून चिक्की, खजूर, केळी काढून दर पाऊण तासाला फिरवते. ‘नको मॅडम’ म्हणणारीच्या हातात ठेवून पुढे जाते. नोव्हेंबर लिहिणारीने आज तीन खजूर घेतले. तिला मी काही बोललेले नाही, डॉक्टरांकडे जायचंय एवढंच तिला माहीत आहे. सव्वानऊच्या पुढे कधीतरी चंद्र उगवला. चढाईपटू वर्गाबाहेर जाऊन हात जोडून आली. मोदक नव्हते, राजगिऱ्याच्या लाडवावर उपास सोडला.

९.४०

मॅट. बारा बाय आठ मीटर, चार बाजूंना दिवे, थंडी.

पहिल्या डावात आम्ही लोण चढवला. दुसऱ्या डावात दहा मिनिटं गेल्यावर मी ज्या गोष्टीकडे बघते ती म्हणजे कोपऱ्यांच्या गुडघ्यांचा कोन. घोट्याची पकड करायला खाली बसावं लागतं, खाली बसून राहायला मांडी लागते. मांडी थकली की खेळाडू उभी राहते आणि पकड घोट्यावरून कमरेवर सरकते. उजवी कोपरारक्षक दहाव्या मिनिटाला उभी राहिली होती. तिच्या मांडीचा घेर सकाळच्या वहीत आहे. एका सामन्यावरून एवढा निष्कर्ष काढू नये हे मला कळतं, तरी नजर तिथेच जाते. डावी, म्हशीवाली, शेवटपर्यंत खाली होती. शेवटच्या दोन पकडी तिच्याच, आणि आम्ही तीन गुणांनी जिंकलो.

११.२०

आयोजकांचं जेवण: पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी. प्रेमाने वाढलेलं, गरम. प्रथिनांच्या नावाने शून्य. भात आणि जिलेबीला माझी हरकत नाही, खेळून आलेल्या स्नायूंना साखर लागतेच. अंडी आम्ही सकाळी उकडून आणली होती. ती शाळेच्या आवारात नको, लोकांना चालायचं नाही, म्हणून गाडीत बसून खाल्ली. उपास सोडलेलीने दोन घेतली, मग माझ्याकडे बघून तिसरं.

सर खुशीत होते. मी तीच वेळ साधली. ‘पिवळ्यातल्या मुलींना उद्या जिम.’

‘उद्या? मॅडम, रात्री दोनला पोचतोय. आणि जिंकलो ना आपण! परवा पुढची फेरी आहे.’

हरलो असतो तर उद्या सगळ्यांना फेऱ्या असत्या, हे आम्ही दोघंही जाणत होतो. मी म्हटलं, दहापर्यंत झोपू द्या, संध्याकाळी पाचला अर्धा तास. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, मोसमाआधी करत होत्या तेच, त्यामुळे अंग फार धरणार नाही. जड वजन, थोड्या आवृत्त्या, तीन सेट. उजवी कोपरारक्षक सगळ्यात आधी. लालमधल्या दोघींना जिम नाही आणि परवाच्या सामन्यात एकच डाव.

‘एकच डाव?’

‘एकच.’

सर काही बोलले नाहीत. गाडी महामार्गाला लागल्यावर त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, पुढच्या पंपाजवळ दूध मिळतं तिथे थांब, सगळ्यांना पाव-पाव लिटर. मग मागे वळून माझ्याकडे बघत, ‘उजवीला अर्धा.’